हुंकार

संध्याकाळी जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या कडेनं गावात येताना मुलांचे आवाज आधी ऐकू येतात, मुलं नंतर दिसतात. बाभळीच्या बुडाशी चौघं-पाच जण, हातात आडवे धरलेले मोबाईल, माना खाली. "मागून आला, मागून!" "मला उठव आधी, मी पडलोय." "थांब रे, मपल्या गोळ्या संपल्यात." पलीकडं सोलापूर-धुळे महामार्गावर ट्रकांची रांग चाललेली असते, उसात पाणी सोडलेलं असतं, आणि या पोरांचा जीव कुठल्याच नकाशावर नसलेल्या एका बेटावर गुंतलेला असतो.

आमच्या वडीगोद्रीतल्या बाया एकमेकींना भेटल्या की हाच विषय निघतो. पोरगं एकलकोंडं झालं, कुणाशी बोलत नाही, जेवायला दहा हाका माराव्या लागतात. जेवणाचं खरं आहे. एकलकोंडेपणाचं मला पटत नाही. घरात हूं की चूं न करणारं पोरगं त्या खेळात अखंड बोलत असतं. तिथं त्याला नावानं हाक मारणारं कुणी आहे. ते पडलं तर स्वतःचा जीव धोक्यात घालून उचलायला येणारं कुणी आहे. बारा वर्षांच्या मुलाला आणखी काय पाहिजे असतं?

२०२४ च्या जूनमध्ये आमच्या गावात ओबीसी आरक्षणासाठी उपोषण सुरू होतं. शेजारच्या अंतरवाली सराटीतलं मराठा आरक्षणाचं उपोषण आदल्या वर्षापासून राज्यभर गाजत होतं. टीव्हीवाल्यांच्या गाड्या, पोलिसांच्या गाड्या, रोज नवे पुढारी. ज्यांच्या बांधाला बांध लागून आहे अशी माणसं एकमेकांशी मोजून-मापून बोलायला लागली होती. त्या दिवसांतही माझ्या पुतण्याच्या गेममधल्या चौघांच्या टोळीत दोन्हीकडची पोरं होती. एक पडला की दुसरा त्याला उठवत होता. ते मी माझ्या कानांनी ऐकलं आहे, आणि तेव्हापासून त्या खेळाला सरसकट शिव्या घालणं माझ्याच्यानं होत नाही.

मोबाईल आमच्या घरांत आला तोही काही चोरवाटेनं नाही, शाळेचं बोट धरून आला. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि अभ्यास व्हॉट्सॲपवर यायला लागला. कुणी शेळी विकली, कुणी मोसंबीच्या पट्टीतून पैसे बाजूला काढले आणि पोराच्या शिक्षणासाठी म्हणून मोठा मोबाईल घेतला. अभ्यास अर्ध्या तासात संपायचा. उरलेला सगळा दिवस मोकळा, बाहेर पडायचं नाही, मित्रांकडं जायचं नाही. मग मित्रच मोबाईलमध्ये जमले. त्या वर्षी २ सप्टेंबरला सरकारनं ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी गेला. पोरं चार दिवस सुतकात असल्यासारखी बसली आणि फ्री फायरवर गेली. २०२२ च्या फेब्रुवारीत तोही बंद झाला, तर त्याच खेळाची दुसरी आवृत्ती त्यांना सापडली. खेळाचं नाव बदलत गेलं. बाभळीखालची बैठक मोडली नाही, कारण पोरांना ती बैठकच हवी होती.

या बैठकीसमोर आपण पुस्तक कसं ठेवतो ते जरा बघा. "ठेव तो मोबाईल आणि जा, पुस्तक घेऊन बस." म्हणजे शिक्षाच. मित्रांतून उठ, कोपऱ्यात जा, तोंड बंद कर आणि वाच. वाचून झालं की वर परीक्षा: काय वाचलंस, सांग. त्यातून आमच्याकडच्या कितीतरी मुलांना अडखळत वाचता येतं. पाचवीतल्या मुलाला दुसरीचा उतारा वाचता येतो का, हे 'प्रथम' संस्थेची असर पाहणी २००५ पासून गावोगाव जाऊन तपासते आणि दर वेळी आपल्याला खाली बघायला लावते. अक्षर जुळवता जुळवता ज्याचं कपाळ घामेजतं, त्याच्यापर्यंत गोष्ट पोचेस्तोवर निवून गेलेली असते. वाघ कुणावर झेप घेत होता हे कळायच्या आधी त्याला 'झ' ओलांडायचा असतो. गेम मात्र त्याला जमेल तेवढंच आधी देतो, जमलं की शाबासकी देतो, मग पुढचं देतो. पोरगं आळशी आहे, असं म्हणणाऱ्यांनी त्याला एकाच टप्प्यासाठी रात्र रात्र झगडताना एकदा पाहावं.

आमच्या भागात वाचन एकट्यानं करायची गोष्ट कधी नव्हतीच. मी या घरात लग्न होऊन आले तो श्रावण मला आठवतो. सासरे, त्यांना आम्ही मामा म्हणतो, चौथीपर्यंत शिकलेले. रात्रीची जेवणं उरकली की मारुतीच्या देवळात पोथी लागायची. मालू कवीचा नवनाथ भक्तिसार, चाळीस अध्याय. मामा चालीवर ओव्या म्हणायचे, दोन-चार ओव्या झाल्या की थांबायचे, आणि शेजारी बसलेला एक जण त्यांचा अर्थ आपल्या बोलीत सांगायचा. अर्थ कसला, तो पुन्हा सगळी गोष्टच नव्यानं रचायचा. मच्छिंद्रनाथांनी दिलेलं भस्म एका बाईनं उकिरड्यावर टाकून दिलं आणि बारा वर्षांनी त्याच जागेतून गोरक्षनाथ बोलले, हा भाग आला की त्याच्या तोंडी तो उकिरडा आमच्याच गावातला होऊन जायचा. बाया कडेला वाती वळत बसायच्या. पोरं खांबाला टेकून. आणि मधूनमधून कुणीतरी "हूं" म्हणायचं. तो हुंकार आला नाही तर सांगणारा हात वर करून विचारायचा, "झोपले की काय सगळे?" हुंकार मिळाल्याशिवाय गोष्ट पुढं सरकायची नाही. ऐकणारा गोष्टीतला अर्धा वाटेकरी असायचा.

एक म्हातारी होती, अक्षरओळख नाही. पण मामांनी भुलून एखादं पान जास्तीचं उलटलं तर तीच अडवायची, "मधलं राहिलं की." अशी माणसं निरक्षर म्हणून मोजली गेली. माझ्या लेखी ती वाचणारी माणसं होती. गोदावरीच्या वरच्या अंगाला पैठण आहे. तिथं एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीनशे वर्षांत ती इतक्या हातांनी उतरवली, इतक्या तोंडांनी म्हटली की तिच्यात पाठभेद माजले होते. ग्रंथ बंद कपाटात राहिला असता तर अशुद्धही झाला नसता आणि आमच्यापर्यंतही आला नसता.

हे मनात होतं म्हणून मी पोरांना वाचायला सांगितलंच नाही. मीच वाचायला बसले. ओसरीवर, भाकरी झाल्यावर, मोठ्यानं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घेतला. फुरसुंगीचा बनेश फेणे, किडकिडीत, सायकलवरून भन्नाट सुटणारा, आणि काही लक्षात आलं की 'ट्टॉक्' करणारा. मोबाईल ठेवा असं कुणाला म्हटलं नाही. मुली पहिल्यांदा सरकून जवळ आल्या. हे सांगायलाच पाहिजे, कारण मुलं गेम खेळतात असं आपण म्हणतो तेव्हा ते बहुतेक मुलगेच असतात. आमच्याकडं मुलीच्या हाती मोबाईल येतो तो भावाचा डेटा संपल्यावर. तिला बाभळीखालची बैठक नाही आणि पुस्तकाचीही नाही. पुस्तक हाती पडलं तर ती आधाशासारखी वाचते, फक्त भांड्यांच्या ढिगापुढून तिला कुणी उठू द्यावं लागतं.

मुलगे लांबूनच ऐकत होते. बोटं पडद्यावर, कान इकडं. फेणे जिथं पुरता अडकला तिथं मी पुस्तक मिटलं आणि उठले. पुतण्या मान वर न करता म्हणाला, "काकू, मग?" मी म्हटलं, "उद्या." दुसऱ्या दिवशी तो पायरीवर होता. पुढं कधीतरी ओसरीवर. 'ट्टॉक्' आलं की सगळी मिळून टाळूला जीभ लावून असा आवाज काढायची की गोठ्यातली म्हैस कान टवकारायची. मामा आतून ओरडले, "काय करायलात रे?" आणि मग तेही येऊन बसले, आणि जुन्या सवयीनं "हूं" म्हणायला लागले. पोथीच्या हुंकारानं फेणे पुढं निघाला. मला त्या आवाजानं भरून आलं.

गेम सुटला का? नाही. मला तो सोडवायचाही नव्हता. संध्याकाळी बाभळ, रात्री ओसरी. मात्र बाभळीखाली आता फेण्याचं नाव निघतं, एवढं मला कळलं आहे.

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून तिथं संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही आणि मोबाईल बंद राहतात, मुलांच्या अभ्यासासाठी. लोक त्या भोंग्याचं कौतुक करतात. मला कौतुक वाटतं ते मोठ्या माणसांचं. बाईनं मालिका सोडली, बापानं मोबाईल खिशात ठेवला, आणि तेही सगळ्या गावानं एका वेळी. एकट्या मुलाचा मोबाईल काढून घेतला तर ते मित्रांतून उठवलं जातं. सगळ्यांचेच बंद झाले तर कुणीच कुठून उठवलं जात नाही. त्याच सुमारास यवतमाळच्या बांशी गावानं अठराच्या आतल्यांना मोबाईलबंदीचा ठराव केला. ठरावामागची कळकळ मला समजते, पण बाप ज्या ओट्यावर बसून रील बघतो त्याच ओट्यावर पोरानं हात बांधून बसायचं, हे टिकत नाही.

आणि त्या रिकाम्या दीड तासात मुलांच्या हाती काय द्यायचं, हा प्रश्न भोंगा सोडवत नाही. गावोगावच्या वाचनालयांत आता भरतीच्या परीक्षेची पुस्तकं भरलेली दिसतात. त्यांची गरज आहे, शेती पुरेनाशी झाल्यावर पोरं पोलीस भरतीचा अभ्यास करणारच. पण दहा वर्षांच्या मुलानं त्या कपाटातून काय काढावं? छत्रपती संभाजीनगरात २०२१ साली एका शाळकरी मुलीनं आपली पुस्तकं मोहल्ल्यातल्या मुलांसाठी खुली केली आणि त्यातून शहरभर मोहल्ला वाचनालयं उभी राहिली. गल्लीत, घराशेजारी, चप्पल न घालता जाता येईल इतक्या जवळ. पुस्तकांचं गाव भिलार महाबळेश्वरच्या वाटेवर आहे, २०१७ पासून लोक गाड्या करून तिथं जातात, चांगलंच आहे. मला मात्र त्या गल्लीतल्या कपाटाचा हेवा वाटतो.

मोबाईलशी वैर मात्र धरायचं नाही, हेही मी ठरवलं. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ च्या नोव्हेंबरात सुरू झालं. त्याचे जुने अंक आता फुकट मोबाईलवर वाचता येतात. आई-बाप लहान होते तेव्हाचा अंक उघडला की पोरांना भारी गंमत वाटते. चित्रं मोठी करकरून बघतात. भारत सासणे मूळचे जालन्याचे, आणि २०२४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांच्या 'समशेर आणि भूतबंगला' या कादंबरीला मिळाला, हे सांगितल्यावर एकानं विचारलं, "आपल्या जालन्याचे?" आपल्या एसटीच्या पाटीवर ज्या गावाचं नाव असतं तिथला माणूस भूतबंगल्याची गोष्ट लिहितो, हे त्याला फेण्याच्या सायकलीपेक्षा नवलाचं वाटलं. पुढचं पुस्तक कोणतं हे तिथंच ठरलं.

दसरा झाला आणि ओसरी निम्मी रिकामी झाली. अंबड-घनसावंगीकडची कितीतरी घरं दर साली ऊसतोडीला जातात, सांगली-कोल्हापूरकडं, काही थेट कर्नाटकात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पत्रे, भांडी, कोंबड्या आणि त्यांच्यावर पोरं. वाचलेल्या गोष्टीचा मधला भाग घेऊन ती निघून गेली. ऊसतोडीवरच्या कोपीत पुस्तक टिकत नाही, पाचटात आणि पावसात त्याचा लगदा होतो, आणि दिवसभर लहान भावंडाला सांभाळणाऱ्या पोरीनं अंधारात वाचावं तरी कसं. बापाकडं मोबाईल मात्र असतो.

म्हणून आता मी ओसरीवर वाचते तेव्हा शेजारी मोबाईल ठेवते. वाचलेलं रेकॉर्ड करून रात्री पाठवते. त्यात म्हशीचं हंबरणं येतं, मामांचं खोकणं येतं, इकडच्या पोरांचं 'ट्टॉक्' येतं. एक भाग पाठवायचा राहिला, घरात पाहुणे होते. तर पहाटे कारखान्याच्या वाटेवरून, ट्रॅक्टरच्या धडधडीतून, एका पोरीचा आवाज आला: "काकू, फेणे त्या खोलीतून सुटला का नाही? आईसुद्धा विचारायली. आणि जरा दमानं वाचत जा, इथं आवाज लई असतो."

आज रात्री दोन भाग वाचायचे आहेत. दमानं.