नुसता आकडा

सरळ प्रश्नाला नुसतं उत्तर देणारा प्राणी या पृथ्वीतलावर नाही. सौ.ला विचारून पाहा, "मेथी कितीला आणलीस?" आधी मंडईतली गर्दी येते, मग शेजारच्या वहिनींचा गुडघा येतो, मग कोथिंबिरीची मुजोरी, आणि या सगळ्या वरातीच्या मागून मेथीचा भाव पायी चालत येतो. यंत्र तरी असं करत नसेल, अशी आम्हा बी.कॉम. मंडळींची आपली भाबडी समजूत.

आमच्या बँकेत (नाव सांगत नाही, पगार तिथूनच येतो) रोज संध्याकाळी डे-एंडच्या आधी एक बॅच फाइल चालवायची असं ठरलं. बॅच फाइल म्हणजे यंत्राला लिहून दिलेली यादी. वाण्याला देतो तशी. वरून खाली एकेक काम करत जायचं. त्यातलं पहिलं काम, डेटाबेसला विचारायचं, "पास व्हायच्या राहिलेल्या एन्ट्र्या किती?" येईल तो आकडा व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नावाची चिठ्ठी लावलेल्या डब्यात, ठेवायचा. डब्यात शून्य असेल तर दिवस बंद. नसेल तर थांबा. राहिलेली एन्ट्री म्हणजे कुणाचं तरी पेन्शन असतं, आणि न जमा झालेल्या पेन्शनचा धनी दुसऱ्या दिवशी सव्वादहाला माझ्याच खिडकीशी उभा राहतो. म्हणून फाइल लिहिणाऱ्या मुलाशेजारी मी खुर्ची ओढून बसलो. तो मला काका म्हणतो. मी पंचेचाळीसचा आहे, पण ते असो.

त्याने एसक्यूएलसीएमडी नावाच्या निरोप्याला डेटाबेसकडे धाडलं. निरोप्या परतला तो थाटात! वर रकान्याचं नाव, खाली रेघ, मग पुष्कळशी मोकळी जागा सोडून '३', आणि शेवटी कंसात आभारप्रदर्शन : 'एक ओळ मिळाली'. बॅचमधला 'फॉर' हा गडी येईल ती ओळ डब्यात टाकतो आणि आधीची फेकून देतो. त्यामुळे डबा उघडला तेव्हा तीनही नाही आणि रेघही नाही, आत नुसतं आभारप्रदर्शन!

"गप्प करता येतं काका," मुलगा म्हणाला. 'सेट नोकाउंट ऑन' म्हटलं की आभार बंद. 'उणे एच' आणि पुढे 'उणे एक' म्हटलं की नाव आणि रेघ दोन्ही बंद. उणे मोठा डब्ल्यू म्हटलं की मागची मोकळी जागा गळते. धाकट्या डब्ल्यूचं काम निराळं, त्याला हात लावू नये. मेथीच्या बाबतीत असलं काही निघालंय का, हे विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

पुढे टक्क्याचं प्रकरण. आमच्या धंद्यात टक्का म्हणजे व्याज. इथे फॉरच्या हातातल्या पिशवीला टक्का लावतात. समोरासमोर टाइप केलं तर एक टक्का, फाइलवर आणलं तर दोन टक्के. फाइलवर आलं की टक्का वाढतो, यात सरकारी कचेरी पाहिलेल्या माणसाला नवल वाटू नये. बेरीज करायला सांगितली तर '०८' हा आकडाच नाही म्हणून हे यंत्र अडून बसतं, कारण पुढे शून्य दिसलं की ते आठाच्या पाढ्याने मोजतं. '०१०' म्हणजे त्याच्या लेखी आठ! असा कॅशियर आमच्याकडे दुपारपर्यंत टिकला नसता.

हे सगळं मी हसून सोडलं. एका ओळीवर मात्र माझं बोट थांबलं. पोराने फाइलीच्या सुरुवातीलाच डब्यात शून्य भरून ठेवलं होतं.

"हे कशाला?"

"डबा रिकामा राहू नये म्हणून."

"आणि सर्व्हर बंद असला तर?"

तो गप्प झाला. सर्व्हर भेटला नाही तर निरोप्या आपली तक्रार भलत्याच वाटेने थेट पडद्यावर टाकतो. फॉरला एकही ओळ मिळत नाही. डबा जसाच्या तसा राहतो, आत ते आधीचं शून्य. म्हणजे कुणाला न विचारताच सगळं पास, दिवस बंद!

"अरे, रजिस्टरात रकाना कोरा असणं निराळं आणि 'निरंक' लिहिलेलं असणं निराळं," मी म्हटलं. "निरंकाखाली कुणाची तरी सही असते."

"सर्व्हर कधी बंद पडत नाही, काका."

"पेन्शनरही कधी मरत नाहीत. तरी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला घेतोच ना?"

पोरगं हसलं, पण त्याने ओळ बदलली. आता सुरुवातीला डबा चक्क रिकामा करायचा. प्रश्न विचारून झाल्यावरही रिकामाच असेल, किंवा आत आकड्याऐवजी अक्षरं असतील, तर तिथेच थांबायचं. मी नेटवर्कची केबल उपसली. पडद्यावर आलं, 'उत्तर आलेलं नाही. दिवस बंद करू नये.' केबल परत लावली. आलं, '३'.

त्यात दोन पेन्शनं निघाली आणि एक मुदत ठेव. साहेबांना घरी जायच्या वाटेवरून परत बोलावून पास करून घेतली. सहा वाजून दहा मिनिटांनी डब्यात शून्य आलं. मी रजिस्टर ओढलं, 'निरंक' लिहिलं, सही केली आणि पेन पोराच्या हातात दिलं. त्याने माझ्या सहीखाली आपली सही केली, शाई वाळेपर्यंत फुंकर मारत.