कर्त्याची पत

पैशाच्या गोष्टी मुलांदेखत बोलावयाच्या नाहीत, असा आमच्या घरचा दंडक होता. १९९१ सालच्या उन्हाळ्यात तो मोडला. धाकट्या काकांचा सांगलीस रंगाचा लहानसा कारखाना होता आणि त्यास लागणारे एक रसायन जर्मनीहून मागवावे लागे. एप्रिल महिन्यात बँकेचे पत्र आले की, मालाच्या किमतीच्या २०० टक्के रक्कम आगाऊ रोख ठेवल्यावाचून आयात करता येणार नाही. म्हणजे रुपयाचा माल आणावयाचा तर दोन रुपये अडकवून ठेवावयाचे!

"मी आजवर कुणाची दमडी बुडविलेली नाही, मग ही शिक्षा मला का?" काका संतापून म्हणाले.

झोपाळ्यावर बसलेले आजोबा शांतपणे उत्तरले, "थोरल्या दादांनी वाडा गहाण टाकला, त्या वर्षी सावकाराने मजकडूनही दीडपट व्याज घेतले होते. मी तरी कुणाचे काय बुडविले होते? कर्त्याची पत ती घराची पत, बाबा!"

या बोलण्यातील अर्थशास्त्र मला पुष्कळ वर्षांनी उमगले. १९८० नंतरच्या दशकात सरकारने परदेशांतून बरेच कर्ज उचलले होते. त्यात आखाती युद्धापायी तेल महागले आणि देशाजवळचे परकीय चलन जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीपुरते उरले. परदेशी पतमापकांनी देशाला खालच्या पायरीवर बसविले. जेथे खुद्द सरकारला कर्ज मिळेना, तेथे त्याच्या छायेखालील कारखानदारास स्वस्तात कोण देणार? जुलैच्या आरंभी रुपयाचे दोनदा अवमूल्यन झाले. ज्यांचे देणे डॉलरात होते त्यांचा बोजा बसल्या जागी वाढला. रिझर्व्ह बँकेने आपला व्याजदर १० टक्क्यांवरून जुलैत ११ आणि ऑक्टोबरात १२ टक्के केला, व ती वाढ पायरीपायरीने प्रत्येक कर्जदाराच्या खात्यापर्यंत उतरली.

त्याच जुलैत रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने तारणासाठी लंडनला रवाना झाले. आमच्या घरी काकूंनी हातांतील पाटल्या उतरवून निमूटपणे काकांपुढे ठेविल्या. त्या पाटल्या तीन वर्षांनी परत आल्या. कारखान्यातून कमी केलेले चार कामगार मात्र परत आले नाहीत.

२०२२ च्या एप्रिलात श्रीलंकेने परदेशी कर्जाची फेड थांबविली, आणि त्याआधी चारच दिवस तेथील मध्यवर्ती बँकेने व्याजदर एकदम ७ टक्क्यांनी चढविले होते. ती वार्ता वाचताना मला तेथील मंत्री दिसले नाहीत. दिसले ते कुणाचे तरी काका, आणि बांगड्यांवाचूनचे दोन हात.

वाचकहो, कर्ज काढणे हे काही पाप नव्हे. त्यातून धरण झाले, रस्ता झाला, परदेशी विकण्याजोगा माल निघाला, तर ते स्वतःस फेडते. केवळ रोजचा खर्च भागविण्यासाठी परक्या नाण्यात काढलेले कर्ज मात्र ज्यांनी ते घेतलेच नाही त्यांच्याकडून व्याज वसूल करते. आज आमच्या घरचा कर्ता मी आहे. कागदावर सही करण्यापूर्वी मी क्षणभर थांबतो आणि मनाशी विचारतो, या सहीने आणखी कुणाचे व्याज वाढणार आहे?