प्लॉट घेताना पूररेषा कोणी दाखवते का?

मित्रांनो, आज थोडं लांब लिहितोय. पण चंद्रपुरात ज्यांनी प्लॉट घेतलाय किंवा घ्यायचा विचार आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचावं. पावसाळा तोंडावर आहे, म्हणून आत्ताच लिहिणं बरं.

आपल्या शहराला वाढायला जागा किती, हे एकदा नकाशावर पहा. पश्चिमेला इरई. पूर्वेला झरपट. दक्षिणेला, पठाणपुरा गेटच्या पुढे, दोन्ही नद्या एकत्र येतात. उत्तरेला 2920 मेगावॅटचं वीज केंद्र, दुर्गापूर, ऊर्जानगर आणि त्यामागे ताडोबाचं जंगल. लालपेठ, महाकाली कॉलरीकडे जमिनीखाली कोळसा. गोंडराजांनी चार दरवाजे, पाच खिडक्यांचा परकोट बांधला, तेव्हा गाव त्याच्या आत मावत होतं. 2011 च्या जनगणनेत आपण 3,20,379 होतो. त्याच वर्षी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. त्यानंतरची जनगणना अजून व्हायचीच आहे, पण घरं काही जनगणनेची वाट पाहत थांबली नाहीत.

मग ही घरं गेली कुठे? जिथे जमीन स्वस्त मिळाली तिथे. आणि स्वस्त जमीन आपल्याकडे दोनच ठिकाणी आहे, नदीकाठी नाहीतर जंगलाकाठी.

जुलै 2022 आठवा. रहमतनगर, सिस्टर कॉलनी, राजनगर, सहारा पार्क या भागांत इरईचं पाणी घुसलं होतं. मी तेव्हा बातमीसाठी फिरत होतो. पाणी उतरल्यावर एका घरात गेलो, तर भिंतीवरच्या कॅलेंडरच्या अर्ध्यापर्यंत चिखलाची रेघ. घरातल्या बाईंनी मलाच विचारलं, "भाऊ, रजिस्ट्री झाली, लाइटचं मीटर लागलं, दरवर्षी घरटॅक्स भरतो. मंग आता म्हणतात तुम्ही पूररेषेत आहा. हे आंधी काऊन नाही सांगितलं?"

या प्रश्नाचं उत्तर मला अजून कोणत्याही ऑफिसात मिळालेलं नाही.

हा पूर येतो कसा, तेही समजून घ्या. नुसता आपल्याकडचा पाऊस त्याला कारण नसतो. इरई पुढे जाऊन वर्धा नदीला मिळते. वर्धा फुगली की इरईचं पाणी पुढे सरकत नाही, ते मागे दाबलं जातं. त्याच वेळी धरण भरलं म्हणून इरईचे दरवाजे उघडावे लागले, तर वरूनही पाणी आणि खालूनही पाणी. मधे सापडतात काठावरच्या वस्त्या. ही काही गुपित गोष्ट नाही. जुने लोक पावसाळ्यात "पठाणपुऱ्याकडे पाणी कुठवर आलं?" असं विचारूनच अंदाज बांधायचे.

आता कागदावरची गोष्ट. नदीला दोन रेषा असतात. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी रेषा. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती लाल रेषा. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र, तिथे घर बांधायचंच नाही. निळी ते लाल हे नियंत्रित क्षेत्र, तिथे अटींवर. नियम स्पष्ट आहे. पण या रेषा नकाशातच राहतात. प्लॉट दाखवायला नेणारा माणूस मंदिर दाखवतो, नियोजित रस्ता दाखवतो, शाळा किती जवळ ते सांगतो. रेषा कोणी दाखवत नाही. रजिस्ट्री म्हणजे फक्त व्यवहाराची नोंद, तिथे बांधकामाला परवानगी आहे असा तिचा अर्थ होत नाही, हे घेणाऱ्याला माहीत नसतं. मग गुंठेवारी. 2001 चा कायदा होता, 2021 ला दुरुस्ती करून मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंत वाढवली. लोकांनी त्यातून एकच धडा घेतला, आधी बांधा, नंतर नियमित होतेच.

जंगलाच्या बाजूलाही तेच. फेब्रुवारी 2022 मध्ये वीज केंद्राच्या परिसरात वाघाने कामगाराला मारलं आणि लगेच दुसऱ्या दिवशी दुर्गापुरात बिबट्याने सोळा वर्षांचा मुलगा नेला. वस्तीला लागून झुडपं, उघड्यावर कचरा, कचऱ्यावर कुत्री-डुकरं, त्यांच्यामागे बिबट. दुर्गापूर, ऊर्जानगर ग्रामपंचायतीत, शहर महापालिकेत, जंगल वनविभागाकडे. बिबट्याला ही हद्द माहीत नाही. नदीलाही नाही. इरईपलीकडे दाताळा, कोसाऱ्याकडे नवीन चंद्रपूर उभं राहतंय, तिथलं पाणी शेवटी याच नदीत येणार आहे.

माझं म्हणणं एवढंच की शहराच्या खर्चात आणि परवानग्यांत पहिला नंबर पाण्याच्या वाटेचा लागला पाहिजे. काही मित्र म्हणतील, जटपुरा गेटवर रोज तासभर अडकतो, त्याचं काय? त्रास खराच आहे, मीही अडकतो. पण ट्रॅफिकमध्ये अडकलेला माणूस उशिरा का होईना घरी पोचतो. पुरात अडकलेल्याचं तर घरच पाण्यात असतं. आणि एक सांगतो, नदीकाठचं घर पाडा असं मी म्हणत नाही. तिथे राहणाऱ्याने आयुष्याची कमाई घातलीय. पण पुढचं शंभरावं घर तिथे होऊ नये, एवढं तर आपल्या हातात आहे.

काय करता येईल? निळी-लाल रेषा जमिनीवर खांब रोवून, विजेच्या पोलवर रंग मारून दाखवा. खर्च किरकोळ आहे. नाल्यांची सफाई पहिल्या पावसाआधी पूर्ण करा आणि कोणता नाला कधी साफ झाला, ते वॉर्डात फलकावर लावा. लगतच्या ग्रामपंचायती, महापालिका आणि वनविभाग यांनी पावसाळ्याआधी एकदा एकत्र बसावं. घेणाऱ्यांनी गट नंबर, अकृषक आदेश, मंजूर लेआउटचा नकाशा आणि पूररेषेची स्थिती हे चार कागद पाहिल्याशिवाय इसार देऊ नये.

लोकांनी लावून धरलं की कामं होतात. 2021 ला इको-प्रोच्या बंडू धोतरे यांनी रामाळा तलावासाठी उपोषण केलं, शहर पाठीशी उभं राहिलं, तेव्हा प्रशासन हललं. 2022 ते जानेवारी 2026 आपल्याकडे निवडून आलेलं सभागृहच नव्हतं, प्रशासक होते. प्रश्न विचारायचा तर कोणाला, अशी स्थिती होती. आता 66 नगरसेवक आहेत. आपापल्या नगरसेवकाला या आठवड्यात एकच विचारा, "भाऊ / ताई, आपल्या वॉर्डात पूररेषा कुठून जाते?"

काय उत्तर मिळालं ते कमेंटमध्ये वॉर्डासकट लिहा. मी सगळी उत्तरं एकत्र करून पुढची पोस्ट टाकतो.