दुखणें आणि मुद्रितें

आपली कादंबरी आपणच छापणें हा वरवर पाहतां हट्ट वाटतो. पण ज्या घरांत दुखणें वस्तीला आलें आहे, तेथें हाच मार्ग सोयीचा ठरतो. १९१७ सालीं लेनर्ड वूल्फ यांनीं रिचमंड येथील घराच्या जेवणघरांत हातछापयंत्र मांडलें, त्यांत पत्नीच्या आजारी मनाला हातांचें काम मिळावें हाही हेतु होता. १९२२ सालीं व्हर्जिनियाबाईंची ‘जेकब्ज रूम’ त्यांच्याच ‘होगार्थ प्रेस’तर्फे निघाली.

आमच्या घरीं छापयंत्र नाहीं. डायलिसिसचे वार आहेत. आठवड्यांतून तीनदां, चार-चार तास, आमच्या सौभाग्यवती यंत्राला जोडलेल्या असतात. शेजारीं बसून आम्ही मुद्रितें वाचून दाखवितों. एका बैठकीस १६ पृष्ठांचा एक फर्मा. एखादें वाक्य कानाला खटकलें, कीं त्या मिटल्या डोळ्यांनींच हात वर करतात.

हल्लीं शंभर प्रतीही छापून मिळतात, म्हणून भांडवल अडकत नाहीं. कागदाच्या खर्चानें औषधाच्या पैशांस शिवावयाचें नाहीं, हा घरचा दंडक पाळतां येतो. त्यांना ताप आला, तर फर्मा थांबतो. परक्या प्रकाशकानें इतकें कोठून थांबावें? घाई आम्हांस एकच आहे : शेवटचा फर्मा त्यांनीं ऐकावा.