डबा एक, इंधने तीन

केज तालुक्यातील युसूफ वडगाव आणि भोवतालच्या खेड्यांतून शिकावयास आलेल्या आम्हा मुलांच्या कानांत दोन आवाज कायमचे बसले आहेत. एक वसतिगृहाच्या घंटेचा आणि दुसरा विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचा. विजेचा भरवसा नसे. त्यामुळे विहिरीवर इंजिन, फवारणीला पाठीवरचा पेट्रोल पंप, कार्यक्रमाला जनरेटर आणि उन्हाळ्यात रसवंतीचा चरक फिरविणारे आणखी एक इंजिन, असा सारा संसार असे. यंत्रे गावात आधी आली. त्यांना काय पाजावे याचे ज्ञान मात्र मागून, बरेच सावकाश आले. त्या मधल्या काळातील प्रसंग आठवून आम्ही वर्गमित्र आजही पोट धरून हसतो. त्या हसण्याचा थोडा हिशेब या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडत आहोत.

सर्वांत मासलेवाईक प्रकार फवारणी पंपाचा. त्याला टाक्या दोन : मोठी औषधाची, लहान पेट्रोलची. घाईत एखादा पाण्याचा तांब्या लहान टाकीत रिकामा होई आणि मग दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ येई. टू-स्ट्रोक इंजिनाच्या पेट्रोलात ऑईल मिसळावे लागते. पंचविसास एक हे प्रमाण असेल तर एका लिटरला ४० मिलिलिटर, पन्नासास एक असेल तर अवघे २०. परंतु खताची पाटी सढळ हाताने टाकणाऱ्या शेतकऱ्याला असली कंजुषी कशी मानवावी? तो पाऊण वाटी ऑईल ओते. धुराचा असा लोट उठे की कपाशीवरची कीड जागेवर राही आणि फवारणारा मात्र खोकत बांधावर येऊन बसे. याउलट काटकसरी गृहस्थ ऑईल घालीतच नसत. त्यांचे इंजिन थोडा वेळ उत्तम चाले आणि मग कायमचे जाम होई.

पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारी लहान इंजिने आमच्या पिढीने पुष्कळ पाहिली. रेशनचे निळे रॉकेल स्वस्त, म्हणून त्यांना मागणी. त्यांचा नियम असा, की बंद करण्यापूर्वी कॉक पुन्हा पेट्रोलकडे वळवून इंजिन थोडे चालू द्यावे. हे विसरले की कार्बोरेटरमध्ये रॉकेल उरे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिन काही केल्या जागे होत नसे. मग घरातील थोरापासून पोरापर्यंत प्रत्येकाने दोरी ओढून पाहावी आणि प्रत्येकाने निराळा रोग सांगावा.

एका स्नेहसंमेलनात पेट्रोलच्या जनरेटरला कोणीतरी डिझेल पाजले. कार्बोरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर काही मिनिटे दिवे छान लागले. पाहुण्यांचे भाषण रंगात आले आणि जनरेटरला उचक्या लागल्या; पांढरा धूर, मग अंधार. भाषण आटोपते घ्या, हे सांगण्याचा जो धीर अध्यक्षांना झाला नव्हता तो जनरेटरने दाखविला, असे आमचे विज्ञानाचे गुरुजी नंतर म्हणत. दुसऱ्या दिवशी त्यांनी तासाला तोच विषय घेतला. पेट्रोल ठिणगीने पेटते. डिझेलच्या इंजिनात ठिणगीच नसते, तेथे दाबून तापविलेली हवा इंधन पेटविते. डिझेल पंपाला वंगणही पुरविते, म्हणून त्यात पेट्रोल गेले तर पंप झिजतो. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसते.

याच तासाला आम्हाला कळले, की सन १९०० मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखविले होते आणि पुढे खुद्द रुडॉल्फ डिझेल यांनी त्याची नोंद केली. म्हणजे इंजिनात गोडेतेल ओतणारा माणूस पॅरिसमध्ये संशोधक ठरतो आणि आमच्या शिवारात येडा!

हा फरक विनोदापुरता नाही. आमच्याकडे इंधन ओतणारा हात बहुधा सालगड्याचा असे. मालकाच्या घरी डबा एकच. त्यात सोमवारी डिझेल, बुधवारी रॉकेल, शुक्रवारी पेट्रोल. डब्यावर काही लिहिलेले नसे आणि यंत्रावरची सूचना इंग्रजीत. चूक झाली की मालक ओरडत, "अरे, तुला डोळे न्हाईत का?" तो खाली मान घालून म्हणे, "मालक, डोळे हायेत, पर वाचता येत न्हाई." गाव हसे, मिस्त्री पैसे घेऊन जाई आणि दुरुस्तीचा खर्च पाडव्याला ठरलेल्या सालातून कापला जाई. आमच्यापैकी अनेकांचे वडील या हसण्याच्या दुसऱ्या बाजूला उभे होते. एकच डबा ठेवणाऱ्यावर मात्र कोणी हसले नाही.

काही चुकांवर तर हसताही येत नाही. पेट्रोल मिसळलेले रॉकेल चिमणीत किंवा स्टोव्हमध्ये गेले की भडका उडतो आणि भाजते ती बहुधा घरातील बाई.

आता इंधनही बदलले आहे. पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि त्याचा काही भाग त्याच उसापासून येतो, ज्याच्या तोडीसाठी आपली माणसे दिवाळीनंतर कोयता घेऊन निघतात. इथेनॉल पाणी ओढून घेते. म्हणून हंगाम संपल्यावर फवारणी पंपाची टाकी रिकामी करून ठेवावी. ही गोष्ट कारखान्यापर्यंत ऊस पोचविणाऱ्या माणसालाही कोणीतरी सांगायला हवी.

वसतिगृहाच्या कोठीत गुरुजींनी तीन डबे ठेविले होते. प्रत्येकावर रंगाने मोठ्या मराठी अक्षरांत नाव आणि अक्षरओळख नसलेल्यांसाठी रंगाचा निराळा पट्टा. रंगविण्याचे काम मुलांकडेच असे आणि सुट्टीत घरी जाताना आम्ही तोच उद्योग वस्तीवर करीत असू. माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमची एवढीच विनंती आहे, की आपल्या शेतावरचे, दुकानातले, गॅरेजातले डबे एकदा पाहावेत. ज्यांवर नाव नाही त्यांवर ते लिहावे आणि ज्याच्या हाती डबा द्यायचा आहे त्याला शेजारी बसवून ते वाचून दाखवावे.