डायनामो

आमच्या वाडीतल्या कितीतरी माणसांनी कोयनेच्या धरणावर पाट्या वाहिल्या. धरण झालं, पाणी सह्याद्रीच्या पोटातून पलीकडं पोफळीला गेलं, तिथं जमिनीखालच्या वीजघरात त्याची वीज झाली आणि ती लांब लांब गेली. आमच्या वाडीत मात्र 1976 साली, मी दहावीत असताना, चिमणीच होती.

रॉकेल रेशनवर मिळायचं. धाकटी बहीण सातवीत. दिवसभर शाळा, शेण-पाणी, मग रात्री चिमणीखाली पुस्तक. आबा म्हणायचे, "पोरीच्या जातीला एवढं रॉकेल जाळून काय कलेक्टर करायचीय? औंदा बास झालं." आई गप्प. माझ्या डोक्यात मात्र ते बसलं.

शाळेत सरांनी शिकवलं होतं की ऊर्जा नवी तयार होत नाही, नुसतं रूप बदलते. पाठ सगळ्या वर्गाला होतं. मी चुलत्यांच्या मोडक्या सायकलचा डायनामो मागून आणला आणि उघडून बघितला. आत एक लोहचुंबक, भोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं, बस्स. चुंबक फिरला की तारेत वीज येते. ही करामत फॅरेडेनं 1831 साली उकलून दाखवली. तोही फार शिकलेला नव्हता, पुस्तकं बांधायच्या दुकानात उमेदवारी केलेला गडी. ते वाचून मला धीर आला होता.

मळ्यातल्या खोपीशेजारनं ओढ्याचा पाट जायचा, आणि एका जागी पाणी हात-दीड हात खाली पडायचं. तिथं दोन मेढी रोवल्या. सुतारानं बाभळीची लाट तासून दिली. पैसे घेतले नाहीत, पण पेटल्यावर पहिल्यांदा मला दाखवायचं, असं कबूल करून घेतलं. लाटेच्या एका टोकाला लाकडी चाक, त्याला डालड्याच्या डब्याच्या पत्र्याची आठ पाती. दुसऱ्या टोकाला सायकलचं चाक, ते काठावर कोरड्यात. टायर ओला झाला की डायनामोची बोंडी घसरते, म्हणून ही एवढी लांब लाट. सायकलचं चाक एकदा फिरलं की ती बारकी बोंडी तीसएक वेळा फिरते. सगळी गंमत त्यात आहे. गाडीचं वंगण लावलं, पन्हळीनं पाणी पात्यांवर सोडलं.

सहा व्होल्टचा बल्ब आधी लाल झाला, मग पिवळा. सुतार म्हणाला, "आयला, पाणी पेटलं की!"

आबा दुसऱ्या दिवशी आले. बराच वेळ नुसते उभे. मग मला म्हणाले, "ती तार काढ बघू." मी तार काढली. बल्ब विझला आणि चाक सुसाट सुटलं. "आता लाव." लावली. चाक लगेच जड झालं, दमानं फिरायला लागलं. परत काढ, परत लाव, असं त्यांनी चार-पाच वेळा करायला लावलं.

"म्हंजे ह्यो बल्ब पाण्याकडनं वडून घेतोय," ते म्हणाले. "रिकामी मोट बैल पळवत आणत्यात, भरली की मान खाली घालत्यात. तसंच की हे."

आबा शाळेची पायरी चढलेले नव्हते. आमच्या वर्गातल्या कुणालाही, पहिल्या नंबराच्या पोरालासुद्धा, तो नियम इतका नेमका कळला नव्हता. मलाही नाही, मी आपलं जोडकाम केलेलं.

बहीण रोज जेवण उरकून खोपीत बसायची. डोईवर बल्ब, शेजारी चाकाचा खडखडाट. ती म्हणायची, आवाज असला की झोप येत नाही. पाटात पालापाचोळा अडकला की उजेड मंद व्हायचा, मग ती ओरडायची, "दादा, पाणी बघ!" आणि मी कंदील न घेता अंधारात पळायचो.

होळीच्या सुमाराला ओढा आटला. चाक थांबलं. परीक्षेला अजून महिना होता.

त्या आठवड्याच्या बाजारातनं आबा आले, तेव्हा पिशवीत तेल-मिठाबरोबर रॉकेलची एक जादा बाटली होती. ती त्यांनी आईकडं न देता खोपीत नेऊन ठेवली.