परत आलेले डबे

लातूरच्या ट्यूशन एरियात माझी मेस आहे. माहेर नांदेडकडं, लोह्याचं. त्यामुळं कंधार, मुखेडकडची पोरं हक्कानं काकू म्हणत येतात. जूनमध्ये येतात तेव्हा त्यातली बरीच काटक असतात. दिवाळीला गावी जाताना कपडे अंगाला दाटतात आणि आईबाप खूश होतात, लातूरचं पाणी मानवलं म्हणून.

मला तसं वाटत नाही. डबे मी सकाळी स्वतः धुते, म्हणून कोण काय खातं ते कळतं. टेस्टच्या आदल्या रात्रीच्या डब्यात भाकरी तशीच असते, मटकीच्या उसळीवरचं तेल थिजलेलं, भात तेवढा संपलेला. मग वजन वाढतं कशानं? रात्री एक वाजता अभ्यासिकेखाली उभं राहिलं की दिसतं. वडापाव, मॅगी, कुरकुरे, थंड्याची बाटली, गोडमिट्ट चहा. दोनला खोलीवर, मग मोबाइल. सकाळी उपाशीपोटी क्लासला पळापळ.

मुखेडकडच्या एका मुलीची मान काळी पडली होती. तिची आई सुट्टीत ती घासून घासून धुवायची. डॉक्टर म्हणाले, हा मळ नाही, इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण आहे. आणि लगेच विचारलं, झोपतेस किती? पाच तास. या वयाला 8 ते 10 तास लागतात. झोप कमी पडली की भूक चाळवणारं घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन उतरतं. शिकागोच्या 2004 मधल्या एका अभ्यासात धडधाकट तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं, तर भूक 24 टक्क्यांनी वाढली, आणि ओढ गोड-खाऱ्याकडंच. म्हणून 'ढोली', 'जाड्या' असं कुणाला चिडवलेलं मी मेसमध्ये खपवून घेत नाही. यात पोरांच्या हावरेपणाचा काय संबंध? या वयात झोपही निसर्गतःच उशिरा येते, आणि बॅच मात्र भल्या सकाळची.

आता रात्रीचा डबा नऊऐवजी साडेसातला जातो, सोबत सकाळसाठी धपाटं नि शेंगदाण्याची चटणी. ती मुलगी अकराला झोपते. काटा फारसा उतरला नाही, पण वाढायचा थांबला. क्लासमध्ये डुलकी येत नाही म्हणते.

बाकीच्यांचं अवघड आहे. वडिलांचे फोन येतात, "काकू, पोरगं रात्री किती वाजेपर्यंत बसतं?" मी सांगते, भाऊ, नीटचा पेपर दुपारी दोनला असतो. तिथं बायोलॉजीचेच 90 प्रश्न आहेत, तेव्हा डोकं जागं पाहिजे. परवा हे ऐकून एकानं मुलाची अभ्यासिकेतली रात्रीची जागा सोडवली. दुसऱ्यानं मेस बदलली.